पत्ता माझ्या नावाचा, किल्ली विद्यापीठाकडे : विद्यार्थी ई-मेल सेवेचा तीन वर्षांचा अनुभव

कनिष्ठ महाविद्यालयात अठरा वर्षे मराठी शिकवल्यानंतर मी पुण्यातल्या एका विद्यापीठात पीएच.डी.साठी प्रवेश घेतला, तेव्हा शुल्काची पावती, ओळखपत्र आणि ग्रंथालयाचे कार्ड यांच्याबरोबर विद्यापीठाच्या नावाचा एक ई-मेल पत्ताही माझ्या नावावर जमा झाला. पहिल्या तीन वस्तू हातात पडायला एक दुपार पुरली; चौथी वापरात यायला एकोणीस दिवस लागले. तो पत्ता तीन वर्षे जवळजवळ रोज वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. विद्यापीठाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. येथे सांगितलेल्या अडचणी शहरातल्या इतर संस्थांमधील संशोधकांकडूनही ऐकलेल्या आहेत, हे त्याचे एक कारण. माझा प्रबंध अजून त्याच विद्यापीठाच्या टेबलावर आहे, हे दुसरे.

सेवा नेमकी काय आहे, ते आधी सांगते. आमच्या विद्यापीठाने स्वतःचा मेल सर्व्हर चालवण्याऐवजी गूगलची शिक्षणसंस्थांसाठीची सेवा घेतली आहे. ही सेवा २००६ मध्ये सुरू झाली, २०१६ मध्ये तिचे नाव ‘जी सूट फॉर एज्युकेशन’ झाले आणि २०२१ पासून ती ‘गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशन’ म्हणून ओळखली जाते. तिच्या मूळ आवृत्तीसाठी पात्र संस्थेला पैसे मोजावे लागत नाहीत. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर तो नेहमीचाच जीमेल असतो, त्याला ड्राइव्ह, मीट आणि क्लासरूम ही साधने जोडलेली असतात आणि पत्त्याच्या शेवटी ‘जीमेल डॉट कॉम’च्या जागी विद्यापीठाचे डोमेन असते. काही संस्था याच कामासाठी मायक्रोसॉफ्टची सेवा घेतात. तेथे पडद्याची मांडणी वेगळी दिसते, परंतु पुढे येणारे बहुतेक मुद्दे तेथेही लागू पडतात.

या सगळ्यात मोलाचे काय असेल, तर ते पत्त्याचे शेपूट. ‘एसी डॉट इन’ किंवा ‘ईडीयू डॉट इन’ने संपणारे नाव कोणालाही पैसे टाकून विकत घेता येत नाही, ते शैक्षणिक संस्थांसाठी राखीव असते आणि त्याची नोंदणी अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेमार्फतच होते. त्यामुळे अशा पत्त्यावरून गेलेले पत्र स्वतःबरोबर एक ओळखपत्र घेऊन जाते. परदेशातल्या एका ग्रंथालयाकडे जुन्या मराठी नियतकालिकाच्या दोन अंकांची प्रत मागणारे पत्र मी प्रथम माझ्या खासगी पत्त्यावरून पाठवले होते. महिनाभर त्याचे उत्तर आले नाही. तेच पत्र, एकही शब्द न बदलता, विद्यापीठाच्या पत्त्यावरून पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी उत्तर आले आणि त्यात पहिल्या पत्राचा उल्लेखही नव्हता. वापरासाठी मी या सेवेला पाचपैकी चार तारे देईन, ते मुख्यतः या कारणासाठी. खाते उभे करण्याच्या प्रक्रियेला मात्र दोनच देता येतात आणि त्यांतला एक तारा मदतकक्षातल्या एका मुलाचा आहे. त्याच्याकडे ओघाने येईन.

पहिली अडचण नावाची. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव असा क्रम असतो आणि प्रवेशाचे अर्जही त्याच क्रमाने भरून घेतले जातात. ई-मेलच्या यंत्रणेत मात्र ‘पहिले नाव’ आणि ‘शेवटचे नाव’ असे दोनच रकाने असतात. शेकडो विद्यार्थ्यांची खाती एकेक करून उघडणे शक्य नसल्यामुळे प्रवेशाची यादी एका तक्त्याच्या रूपाने एकगठ्ठा चढवली जाते, आणि ती चढवताना रकाने जुळवून घेण्याचे काम कोणी केले नाही, तर यंत्र आडनावालाच पहिले नाव समजते. माझ्या बाबतीत तसेच झाले. पहिल्या रकान्यात आडनाव गेले, शेवटच्या रकान्यात यजमानांचे नाव गेले आणि ज्या व्यक्तीला पीएच.डी. करायची होती तिचे नाव वगळले गेले. पत्ताही त्याच दोन नावांतून तयार झाला आणि तशी आणखी एक जोडी यादीत आधीच असल्यामुळे त्याच्या शेवटी दोन आकडे चिकटले. पुढचे चौदा महिने मी जगाला माझ्या यजमानांच्या नावाने पत्रे लिहीत होते.

हे दुरुस्त करणे तांत्रिकदृष्ट्या काही मिनिटांचे काम आहे. प्रशासकाने खात्याचे नाव बदलले की नवा पत्ता सुरू होतो आणि जुना पत्ता टोपणनाव म्हणून आपोआप मागे राहतो, त्यामुळे जुन्या पत्त्यावर आलेली पत्रेही त्याच पेटीत पडत राहतात. एकही पत्र हरवत नाही. असे असताना मला चौदा महिने का लागले, हे विचारायचे असेल तर विहित नमुन्यातला अर्ज, मार्गदर्शकांची सही, विभागप्रमुखांची सही, विवाह नोंदणी प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत आणि ‘हे काम आमच्याकडे येत नाही’ असे सांगणारी दोन कार्यालये यांचा हिशेब मांडावा लागेल. माझी एम.ए.ची गुणपत्रिका माहेरच्या नावाने आणि आधार कार्ड सासरच्या नावाने आहे. ही परिस्थिती महाराष्ट्रातल्या लाखो स्त्रियांची असताना प्रत्येक कार्यालय ती प्रथमच पाहत असल्यासारखे वागते, याचे आश्चर्य मात्र मला आजही वाटते. नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना माझा सल्ला असा, की खाते मिळाल्याच्या पहिल्याच दिवशी स्वतःला एक पत्र पाठवून पाहावे आणि समोरच्याला आपले नाव कसे दिसते ते तपासावे. पत्ता ठिकठिकाणी देऊन झाला की दुरुस्ती अधिक अवघड होत जाते.

दुसरी अडचण मोबाइल क्रमांकाची, आणि ती नावापेक्षा गंभीर आहे. खाते तयार झाले की तात्पुरता पासवर्ड प्रवेशअर्जात दिलेल्या मोबाइलवर आणि खासगी ई-मेलवर येतो. त्याने प्रवेश केला की लगेच नवा पासवर्ड ठरवावा लागतो. कागदावर ही पद्धत निर्दोष दिसते. परंतु आपल्याकडे प्रवेशाचे अर्ज बहुतांश मुले स्वतः भरत नाहीत, ते तालुक्याच्या गावी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचे काम करणाऱ्या दुकानात भरले जातात. दुकानदार वडिलांचा मोबाइल क्रमांक टाकतो, मुलीच्या नावाने एक ई-मेल स्वतःच काढतो आणि त्याचा पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवतो. तो काही फसवत नाही. पन्नास-शंभर रुपयांत त्याने तिचे काम केलेले असते. पण त्या क्षणी तिच्या पुढच्या दोन वर्षांच्या शिक्षणाची किल्ली त्या वहीत जाऊन पडते, हे कोणाच्याच लक्षात येत नाही.

बीड जिल्ह्यातून आलेली, वसतिगृहात राहणारी एम.ए.ची एक विद्यार्थिनी ग्रंथालयात माझ्या शेजारी बसत असे. तिचे खाते उघडून द्यायला मी बसले, तेव्हाचा संवाद मला अजून आठवतो.

“ताई, ओटीपी पप्पांच्या मोबाइलवर चाललाय.”

“मग त्यांना फोन लाव.”

“ते रानात आहेत. रानात रेंज नसते. घरी यायला सहा वाजतील.”

आणि ओटीपीची मुदत दहा मिनिटांची होती. आम्ही संध्याकाळी सात वाजता पुन्हा बसलो, वडिलांनी फोनवर एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवला आणि खाते उघडले. सर्वप्रथम आम्ही त्यात तिचा स्वतःचा क्रमांक घातला. दुकानदाराने काढलेला तो खासगी ई-मेल मात्र शेवटपर्यंत उघडला नाही; वही सापडली होती, पण पासवर्डातला एक शब्द त्यालाही वाचता येईना.

पासवर्डाच्या बाबतीत मीही फार शहाणी ठरले नाही. माझ्या तात्पुरत्या पासवर्डात एक उभी रेघ होती. ती इंग्रजी मोठा आय, छोटा एल की एक हा आकडा, हे मोबाइलच्या पडद्यावर कळायला मार्ग नव्हता. चुकीचे प्रयत्न वाढल्यावर पडद्यावर ‘आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा’ असा संदेश आला. खासगी खात्यात पासवर्ड विसरला तर तो स्वतःच परत मिळवण्याचे मार्ग असतात. संस्थेच्या खात्यात मात्र ती सोय ठेवायची की नाही हे प्रशासक ठरवतो, आणि आमच्याकडे ती बंद आहे. म्हणून मदतकक्ष गाठला. त्याच्या दारावर पुढील सूचना चिकटवलेली होती : ‘पासवर्डविषयक तक्रारी केवळ विद्यापीठाच्या ई-मेलवरूनच स्वीकारल्या जातील.’

आत पंचविशीचा एक मुलगा बसला होता. मी त्याला दाराकडे बोट दाखवून विचारले, “पासवर्डच नाही, तर त्या ई-मेलवरून तक्रार कशी करायची?”

“नाही करता येत, मॅडम,” तो शांतपणे म्हणाला. “म्हणूनच तर मला इथे बसवलंय. ओळखपत्र दाखवा.”

चार मिनिटांत नवा पासवर्ड मिळाला, आणि तो त्याने अशी अक्षरे निवडून दिला होता की त्यात शून्य, ओ, आय, एल आणि एक यांपैकी एकही नव्हते. ही अक्षरे टाळण्याची पद्धत त्याने स्वतःच सुरू केली होती; वरून तसा आदेश नव्हता. वर उल्लेखलेला तारा त्याचा. पुढच्या वर्षी तो हिंजवडीला एका कंपनीत गेला आणि उभी रेघ पासवर्डांत परत आली.

खाते उघडल्यानंतर दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डानंतर आणखी एक संकेतांक मागणारी सोय, लावून घ्यावी, हे मी आग्रहाने सांगेन. आमच्या विद्यापीठाने ती आता सक्तीची केली आहे आणि तो निर्णय योग्यच आहे. मोबाइलवर येणाऱ्या संदेशापेक्षा संकेतांक तयार करणारे ॲप अधिक सोयीचे पडते. त्यात दर ३० सेकंदांनी सहा आकडी संकेतांक बदलतो आणि त्याला रेंज लागत नाही. पडताळणी लावण्याच्या पानावरच दहा राखीव संकेतांक मिळतात, प्रत्येकी आठ आकडी आणि प्रत्येक एकदाच चालणारा. बहुतेक जण त्यांचा पडदाफोटो काढून त्याच मोबाइलमध्ये ठेवतात, ज्याच्या हरवण्यासाठी ते संकेतांक दिलेले असतात. मी ते कागदावर छापून बँकेच्या पासबुकाच्या प्लॅस्टिक पाकिटात ठेवले होते. दुसऱ्या वर्षी डेक्कनहून कोथरूडला येताना पीएमपीच्या गर्दीत माझा मोबाइल गेला. प्रगती अहवाल पाठवण्याची मुदत दुसऱ्या दिवशीची होती. पासबुकातल्या त्या कागदावरचा तिसरा संकेतांक वापरून मी रात्री घरच्या संगणकावर खाते उघडले आणि अहवाल वेळेत गेला.

रोजच्या वापरात सर्वांत जास्त वेळ खाणारी गोष्ट अगदी क्षुल्लक आहे. एकाच ब्राउझरमध्ये खासगी आणि विद्यापीठाचे अशी दोन्ही खाती उघडी असली, तर ज्या खात्याने आपण आधी प्रवेश केलेला असतो ते साधारणपणे मुख्य धरले जाते आणि दुवे त्याच खात्यात उघडतात. मग विद्यापीठातल्याच लोकांसाठी ठेवलेला फॉर्म उघडायला गेले की ‘तुम्हाला परवानगी हवी’ असे पान येते, विद्यार्थी परवानगी मागतात, शिक्षक वैतागतात आणि व्हॉट्सॲपच्या गटावर ‘सर, लिंक चालत नाही’ असे पंचवीस संदेश पडतात. लिंक चालत असते. चुकीच्या खात्याने उघडलेली असते. मीही पहिल्या सत्रात तीनदा असे संदेश पाठवले आहेत, हे येथे कबूल करते. यावरचा उपाय म्हणजे ब्राउझरमध्ये विद्यापीठासाठी स्वतंत्र प्रोफाइल करून ठेवणे. त्याला वेगळा रंग दिला की कोणती खिडकी कोणत्या कामाची हे लांबूनही कळते. मोबाइलवर खाते जोडताना मात्र पुढचे बटण दाबत सुटू नये. संस्थेने उपकरणांचे कडक व्यवस्थापन लावले असेल, तर आपल्या मोबाइलवर काही अधिकार मागणारे पान मध्ये येते. ते वाचावे, आणि पटत नसेल तर खाते केवळ ब्राउझरमधून वापरावे.

आता पेटीत काय येते, त्याविषयी. या सेवेची शोधयंत्रणा उत्तम आहे, आणि आमच्या विद्यापीठाची पत्रे पाठवण्याची पद्धत अशी आहे की त्या यंत्रणेचा काही उपयोग होऊ नये. परिपत्रक संगणकावर टाइप होते, छापले जाते, त्यावर सही आणि शिक्का होतो, मग ते स्कॅन होते आणि त्या चित्राची पीडीएफ ‘परिपत्रक’ एवढ्याच विषयाने सर्वांना जाते. मजकुराच्या जागी एकच ओळ असते : ‘सोबतचे परिपत्रक पाहावे.’ माझ्या पेटीत ‘परिपत्रक’ हा शब्द शोधला तर २१४ पत्रे येतात. ‘शुल्कवाढ’ किंवा ‘प्रगती अहवाल’ शोधले तर जी यायला हवीत ती येत नाहीत. ज्या थोड्या पीडीएफ थेट टाइप केलेल्या असतात, त्यांतल्या कित्येक युनिकोडपूर्व काळातल्या, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची समान संकेतपद्धती येण्याआधीच्या, फॉन्टमध्ये असतात. डोळ्यांना देवनागरी दिसते, पण आत साठवलेले संकेत रोमन अक्षरांचे असल्यामुळे मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की निरर्थक चिन्हांची माळ उमटते. सी-डॅकसारखी संगणक-संशोधन करणारी सरकारी संस्था ज्या शहरात १९८८ पासून आहे आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम जेथे झाले, त्या शहरात २०२५ मध्येही मराठी परिपत्रक शोधून सापडू नये, याची खंत वाटते. हा दोष ई-मेल सेवेचा नाही, परंतु वापरणाऱ्याला तो तिच्याच पडद्यावर भोगावा लागतो. मी आता प्रत्येक परिपत्रक आले की ते स्वतःलाच पुढे पाठवते आणि विषयात दोन ओळींचा सारांश लिहिते. हे काम कुलसचिव कार्यालयातल्या एका व्यक्तीने केले तर हजारो जणांचे वाचेल.

शिवाय परिपत्रक ई-मेलवर येण्याआधी व्हॉट्सॲपवर आलेले असते. कोणीतरी सूचनाफलकाचा फोटो काढतो, तो चार गटांतून फिरतो आणि ई-मेल दुसऱ्या दिवशी सायंकाळी येतो. तरीही वाद उद्भवला की कार्यालय विचारते, ‘तुम्हाला ई-मेल आला होता ना?’ त्यामुळे बातमीसाठी व्हॉट्सॲप आणि पुराव्यासाठी ई-मेल अशी वाटणी विद्यार्थ्यांनी आपापली करून घेतली आहे, आणि ती शहाणपणाचीच आहे. मार्गदर्शकांशी तोंडी ठरलेली प्रत्येक गोष्ट ‘आज झालेल्या चर्चेनुसार’ अशी सुरुवात करून त्याच दिवशी ई-मेलवर पाठवण्याची सवय मी लावून घेतली. मार्गदर्शकांवर अविश्वास म्हणून नव्हे. त्यांच्याकडे आठ संशोधक आहेत आणि कोणाला कोणते प्रकरण पुन्हा लिहायला सांगितले, हे त्यांनाही लक्षात राहत नाही.

‘सर्व विद्यार्थी’ या एकत्रित पत्त्याविषयी थोडक्यात. मागच्या पावसाळ्यात एका विद्यार्थ्याने ग्रंथालयात विसरलेल्या स्टीलच्या डब्याची चौकशी चुकून त्या पत्त्यावर पाठवली. डब्याविषयी तीन उत्तरे आली आणि ‘कृपया मला या यादीतून काढावे’ अशी साठ, तीही सर्वांना. दुसऱ्या दिवसापासून त्या पत्त्यावर विद्यार्थ्यांना लिहिता येईनासे झाले. डबा मिळाला की नाही, ते कळले नाही.

जागेचा प्रश्न माझ्यासारख्या, जुनी पाने स्कॅन करून ठेवणाऱ्या संशोधकाला जास्त छळतो. पूर्वी शिक्षणसंस्थांना या सेवेत जागेची मर्यादा नव्हती. जुलै २०२२ पासून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी, म्हणजे सुमारे एक लाख जीबी, अशी मूळ मर्यादा आली. आकडा प्रचंड वाटतो, परंतु संस्थेत २०,००० खाती असतील तर एकाच्या वाट्याला साधारण ५ जीबी येतात, आणि आमच्या विद्यापीठाने संशोधकांना नेमके तेवढेच ठरवून दिले आहेत. कोणालाही फुकट मिळणाऱ्या खासगी खात्यात १५ जीबी असताना विद्यापीठाच्या खात्यात त्याच्या एक-तृतीयांश जागा मिळते, हे ऐकून नवे विद्यार्थी चकित होतात. ए-४ आकाराचे एक रंगीत पान ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केले तर आकुंचन न करता ते सुमारे २६ एमबी भरते. म्हणजे एक पानसुद्धा पत्राला जोडून पाठवता येत नाही, कारण जोडपत्रांची मर्यादा २५ एमबी आहे. त्यातही जोडपत्र पाठवताना त्याचे अक्षरांत रूपांतर होते आणि ते सुमारे एक-तृतीयांशाने फुगते, त्यामुळे पलीकडच्या सर्व्हरची मर्यादा तेवढीच असेल तर १९-२० एमबीची फाइलही परत येऊ शकते. दीड वर्षात माझा वाटा भरला आणि ड्राइव्हवर नवी फाइल चढेना. आता स्कॅन केलेली पाने घरच्या हार्ड डिस्कवर असतात, त्यांची दुसरी प्रत भावाच्या घरी असते आणि विद्यापीठाच्या खात्यात केवळ प्रबंधाचा मजकूर व टिपणे असतात. वाढीव जागेसाठीही विहित नमुन्यातला अर्ज आहे. नावाच्या अनुभवानंतर मी तो भरला नाही.

या पत्त्यामुळे काय काय मिळते, ते विद्यार्थ्यांना कोणी नीट सांगत नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ या योजनेमुळे १ जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्चशिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके वाचायला मिळू लागली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी तिच्यावर ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रामार्फत ती राबवली जाते. विद्यापीठाच्या आवारात हे लेख थेट उघडतात, पण आवाराबाहेरून वाचायचे तर आपण त्या संस्थेचे आहोत हे सिद्ध करावे लागते आणि आमच्याकडे ते या ई-मेलच्या आधारे होते. नोकरी सांभाळून संशोधन करणाऱ्या माणसाला रात्री अकरा वाजता घरी बसून एखादा लेख वाचता येणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. संगणकशास्त्राची मुले याच पत्त्यावर गिटहबचा विद्यार्थी संच आणि जेटब्रेन्सची साधने ही प्रोग्रॅम लिहिण्यासाठीची सामग्री विनामूल्य घेतात. पत्त्याबरोबर कधी ओळखपत्राचा फोटोही मागितला जातो, म्हणून त्यावरचे नाव आणि खात्यावरचे नाव एकच असावे. आणखी एक फायदा किरकोळ, पण रोजचा : विद्यापीठाच्या खात्याने मीटवरच्या व्याख्यानाला गेले की बाहेर ताटकळावे लागत नाही.

शीर्षकातल्या किल्लीविषयी आता सांगते. पेठेतल्या वाड्यात भाड्याने राहिलेल्यांना ठाऊक असेल, की दारावर पाटी आपल्या नावाची असली तरी दुसरी किल्ली मालकांकडे असायची. हे खाते तसे आहे. प्रशासक पासवर्ड बदलू शकतो, खाते थांबवू शकतो, आणि चौकशीची वेळ आली तर त्यासाठी असलेल्या साधनाने पत्रांतला मजकूर शोधूही शकतो. रोज कोणी आपली पत्रे वाचत बसत नाही, तेवढा वेळ आणि माणसे कोणाकडे आहेत! तरीही बँक, आयकर, विमा, दवाखाना, घरातले वाद आणि नव्या नोकरीचे अर्ज या पत्त्यावर ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यापीठाविरुद्धची तक्रार तर नाहीच.

फसव्या पत्रांपासून मात्र सावध राहावे लागते, कारण एका विद्यार्थ्याचे खाते चोरांच्या हाती लागले की पुढची पत्रे आपल्याच डोमेनवरून येतात आणि विश्वसनीय वाटतात. ‘तुमची पेटी भरली आहे, येथे पासवर्ड द्या’ असे पत्र मला आमच्याच विभागातल्या एका मुलाच्या नावाने आले होते. पेटी खरोखरच भरत आलेली असल्यामुळे मी जवळजवळ फसले. शिष्यवृत्तीच्या नावाखाली कोणाचे पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

शेवटी खाते बंद होण्याविषयी. आमच्याकडे पदवीची अधिसूचना निघाल्यापासून ९० दिवसांनी खाते बंद होते आणि ही गोष्ट ज्या परिपत्रकात आहे ते अर्थातच स्कॅन केलेले आहे. संस्थेने मुभा ठेवली असेल, तर पत्रे आणि ड्राइव्हवरच्या फाइली खासगी गूगल खात्यात उतरवून घेण्याची सोय या सेवेत आहे, पण तिला वेळ लागतो आणि खासगी खात्यात तेवढी जागा मोकळी असावी लागते. याहून गुंतागुंतीचा प्रश्न छापून आलेल्या लेखांचा आहे. संशोधन नियतकालिकात लेखाखाली संपर्कासाठी पत्ता छापतात. तिथे विद्यापीठाचा पत्ता दिला तर संपादकांचा विश्वास बसतो, आणि दोन वर्षांनी कोणी त्या लेखाविषयी विचारायला पत्र लिहिले तर ते परत जाते. माझ्या आधीच्या एका संशोधकाला मी असेच पत्र लिहिले होते, ते परत आले आणि त्याला शोधायला मला पाच महिने लागले. म्हणून संशोधकांना कायमचा ओळख-क्रमांक देणाऱ्या ऑर्किड (ओआरसीआयडी) या सेवेवर सोळा आकडी ओळख काढावी, तिच्यात विद्यापीठाचा आणि खासगी असे दोन्ही पत्ते नोंदवावेत आणि लेखाखाली ई-मेलबरोबर ती ओळखही द्यावी. ज्या सेवांची खाती विद्यापीठाच्या पत्त्यावर उघडली असतील, त्या सर्वांत पत्ता बदलण्याचे कामही खाते चालू असतानाच करावे, कारण बदलाची खात्री करणारे पत्र बहुधा जुन्याच पत्त्यावर येते. माझ्या यादीत अशा सतरा सेवा निघाल्या. त्यांपैकी चौदा झाल्या आहेत.

नावाची दुरुस्ती होऊन आता पावणेदोन वर्षे झाली. परदेशातल्या त्या ग्रंथालयाच्या यादीत मात्र माझा जुनाच पत्ता आहे. टोपणनावाच्या कृपेने त्यांची पत्रे न चुकता माझ्या पेटीत येतात आणि प्रत्येक पत्राच्या सुरुवातीला माझ्या यजमानांना अतिशय आदराने ‘डॉक्टर’ म्हणून संबोधलेले असते. ते रसायनांच्या कारखान्यात हिशेब पाहतात. गेल्या आठवड्याच्या पत्रात ग्रंथालयाने त्यांचा प्रबंध केव्हा पूर्ण होणार, अशी चौकशी केली आहे.